कुलूपबंद गाळ्यांमधील चोऱ्या : माहिती अधिकारात पोलिसांकडे नेमके काय मागावे?

सुरंगी (धागाकर्ती)

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत व्यवसायासाठी बांधलेल्या, पण सध्या कुलूप लागलेल्या जागा कोणत्याही तालुक्यात दिसतात. आंब्याचे कॅनिंग काही आठवड्यांच्या हंगामापुरते चालते आणि उरलेले वर्ष कारखाना बंद असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बंदरांवरचे बर्फाचे कारखाने आणि मासळीची गोदामे थंडावतात. किनाऱ्यावरची खानावळ किंवा निवासस्थान पावसाळ्यात बंद ठेवावे लागते. महामार्गाच्या चौपदरीकरणात निम्मी जागा गेल्यामुळे उरलेली निम्मी तशीच सोडून दिलेली दुकाने आहेत. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेतल्या काही व्यापाऱ्यांना पुन्हा उभे राहणे जड गेले. औद्योगिक वसाहतींमध्ये आजारी पडून बंद झालेले उद्योग आहेत ते वेगळेच.

अशा जागांमधून तांब्याची केबल, पाण्याचा पंप, मोटारी, वातानुकूलन यंत्राचे बाहेरचे युनिट, अॅल्युमिनियमच्या चौकटी, कधी शटरसुद्धा नाहीसे होते. मालक मुंबईला असतो, त्याला गणपतीत किंवा शिमग्याला आल्यावर कळते. त्यानंतर जी चर्चा होते ती सगळी ऐकीव असते. चोऱ्या वाढल्या असे एक जण म्हणतो, पूर्वीही होतच होत्या असे दुसरा म्हणतो, आणि ग्रामसभेत गस्तीची किंवा पथदिव्यांची मागणी करायला उभे राहिले की हातात एकही कागद नसतो. हा कागद मिळवावा, एवढाच या धाग्याचा हेतू आहे.

प्रकाशित आकडेवारीतून हे भागत नाही, हे मी पाहिले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात मालमत्तेच्या गुन्ह्यांचे घटनास्थळानुसार वर्गीकरण असते आणि त्यात व्यावसायिक आस्थापना असा वर्गही असतो, परंतु त्यातील जागा चालू होती की बंद, हे तेथे कोठेही नोंदलेले नसते. शिवाय एकाच घटनेत अनेक कलमे लागली तर त्यातील सर्वांत गंभीर कलमाखालीच ती घटना मोजली जाते. तालुक्याचे आणि गावाचे चित्र अशा अहवालातून उमटणे शक्य नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करायचा आहे. आपल्या राज्यात तो जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करतात. विषय एकच असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा जास्त नसावा, असे २०१२ च्या नियमदुरुस्तीपासून बंधन आहे. कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी याचे कारण द्यावे लागत नाही. इथपर्यंत स्पष्ट आहे. अडचण मजकुराची आहे. ‘गेल्या पाच वर्षांत रिकाम्या व्यावसायिक जागांमध्ये किती गुन्हे घडले’ असे सरळ विचारावे, तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर येईल अशी मला रास्त भीती वाटते. पोलिसांच्या कामकाजाची किंवा या कायद्याची ज्यांना जवळून माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

वाशिष्ठीकाठ

ताई, विषय फार महत्त्वाचा आहे. एक भर घालतो. आमच्याकडे असे बरेच मालक पोलीस ठाण्यात साधा तक्रार अर्ज देतात, त्यावर पोच घेतात आणि परत जातात. गुन्हा नोंदलाच जात नाही. तेव्हा केवळ दाखल गुन्ह्यांची माहिती मागितली, तर खरे चित्र निम्मेच दिसेल.

---

जुनी_ठाणे_डायरी

मी पोलीस खात्यात लेखनिकाच्या कामावर होतो, आता निवृत्त आहे. धागाकर्त्या ताईंची भीती योग्य आहे, पण त्याचे कारण टाळाटाळ असेलच असे नाही. पोलीस ठाण्याच्या कोणत्याही नोंदवहीत ‘जागा रिकामी होती’ असा रकानाच नसतो. जो रकाना नाही त्याची बेरीज मागितली, तर जनमाहिती अधिकाऱ्याने (म्हणजे अशा अर्जांना उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने) प्रत्येक गुन्ह्याचे कागद वाचून, स्वतः ठरवून आकडा तयार करावा अशी अपेक्षा होते, आणि कायदा त्याच्यावर तसे बंधन घालत नाही. म्हणून रिकाम्या जागेचा प्रश्न त्यांना विचारूच नये. त्यांच्याकडे जे रकाने आहेत ते मागावेत आणि रिकाम्या जागेचा निष्कर्ष आपण काढावा.

यासाठी प्रथम खबर अहवालाचा (एफआयआरचा) छापील नमुना समोर घेऊन बसा. तो सगळीकडे सारखाच असतो. त्यातील तिसऱ्या रकान्यात गुन्हा घडल्याची तारीख ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी लिहिलेली असते, आणि त्याखाली पोलीस ठाण्यात खबर मिळाल्याची तारीख व वेळ असते. राहत्या घरात किंवा चालू दुकानात चोरी झाली, तर या दोन तारखांत एका रात्रीचे अंतर असते. कुलूपबंद जागेच्या बाबतीत फिर्यादी सांगतो की मे महिन्यात कुलूप लावून गेलो आणि ऑगस्टमध्ये येऊन पाहिले. मग ‘पासून’ मेमधली तारीख आणि ‘पर्यंत’ ऑगस्टमधली तारीख लिहिली जाते. हे अंतर म्हणजेच जागा किती दिवस कोणाच्या देखरेखीविना होती, याची पोलिसांनीच लिहून ठेवलेली नोंद आहे. वेगळा सर्व्हे करण्याची गरज नाही.

पाचव्या रकान्यात घटनास्थळाची ठाण्यापासून दिशा, अंतर आणि बीट क्रमांक असतो (बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील एक विभाग). आठव्यात उशिरा फिर्याद देण्याचे कारण असते. दहाव्यात गेलेल्या मालाचे एकूण मूल्य असते. एवढे रकाने मिळाले तरी तुमचे बहुतेक काम होईल.

कलमांची बाब मात्र नीट लक्षात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या घटना भारतीय दंड संहितेखाली नोंदलेल्या आहेत. बंद इमारतीतून, म्हणजे राहण्यासाठी किंवा माल ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतून झालेली चोरी पूर्वी कलम ३८० खाली येत असे, आता ती ३०५ खाली येते. दिवसाच्या घरफोडीचे ४५४ होते ते ३३१(३) झाले, आणि रात्रीच्या घरफोडीचे ४५७ होते ते ३३१(४) झाले. पण कारखान्याच्या उघड्या आवारातून केबल किंवा भंगार गेले, तर ती साधी चोरी म्हणून पूर्वी ३७९ आणि आता ३०३(२) खाली नोंदते. फक्त घरफोडी असे लिहून मागितले, तर आवारातल्या सगळ्या चोऱ्या सुटतील, आणि फक्त नवी कलमे लिहिली, तर २०२४ च्या मध्यापूर्वीचे काहीच मिळणार नाही.

वाशिष्ठीकाठ यांच्या मुद्द्याबद्दल : तक्रार अर्जांची स्वतंत्र नोंदवही पोलीस ठाण्यात असते. तिच्यातील नोंदी वेगळ्या अर्जाने मागाव्यात, कारण एका अर्जात दोन विषय आले की अर्ज त्याच कारणाने अडतो. मात्र ज्यांची चोरी आत्ता झाली आहे, त्यांनी अर्जावर समाधान मानू नये. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालक मुंबईत असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे तो तेथील कोणत्याही ठाण्यात खबर देऊ शकतो, किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून तीन दिवसांत सही करू शकतो.

---

पडाव

वरील माहिती उपयुक्त आहे, तरी माझी शंका मोकळेपणाने मांडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम खबर अहवाल संकेतस्थळावर टाकले जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारखा भरल्या की ते उघडतात. मग अर्ज, तीस दिवसांची वाट आणि अपील हे सगळे कशासाठी? पोलीस ठाण्यातील मनुष्यबळ आधीच कमी असते. अशा अर्जांनी त्यांचा गस्तीचाच वेळ जाणार नाही का?

---

जुनी_ठाणे_डायरी

पडाव यांचा प्रश्न योग्य आहे. सुरुवात संकेतस्थळावरूनच करावी, हेच मीही सांगेन. एका ठाण्याचे एक वर्ष घेऊन स्वतः वाचून पाहा, म्हणजे कोणते रकाने आपल्या कामाचे आहेत ते कळेल आणि अर्ज आपोआप आटोपशीर होईल. परंतु संकेतस्थळावर पुढचा तपास दिसत नाही. गुन्हा उघडकीस आला का, माल परत मिळाला का, दोषारोपपत्र गेले की ‘अ समरी’ होऊन प्रकरण बंद झाले, हे गुन्हे नोंदवहीतच असते. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, म्हणजे अ समरी. बंद जागांच्या चोऱ्यांत मला हाच शेवट सर्वाधिक आढळला, कारण घटनेची नेमकी रात्रच माहीत नसते आणि तेवढ्या काळात पावसाने ठसेही राहिलेले नसतात. गस्तीची मागणी करताना दाखल किती झाले यापेक्षा उघडकीस किती आले, हे दाखवणे जास्त परिणामकारक ठरेल.

वेळेच्या मुद्द्यावर माझे मत असे आहे की प्रती मागण्याऐवजी निरीक्षण मागावे. कायद्यात अभिलेख पाहण्याचा आणि टिपणे घेण्याचा अधिकार आहे आणि पहिल्या तासाला शुल्क नाही. ठरलेल्या दिवशी जाऊन वही पाहून आलो, तर लेखनिकाचा वेळही वाचतो आणि ‘साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागेल’ या नकाराच्या कारणाला फारशी जागा उरत नाही.

---

कायदेपान

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. वरील प्रतिसादांतील दिशा कायद्याला धरून आहे. माहिती नव्याने तयार करून देण्याचे बंधन नाही, हे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, आणि म्हणूनच ‘जसे आहे तसे’ मागणे शहाणपणाचे आहे.

नकार मुख्यतः दोन कारणांनी येऊ शकतो. पहिले कारण कलम ८(१)(ज), म्हणजे इंग्रजी पाठातील ‘एच’ : तपासाला बाधा येईल. तपास चालू आहे एवढे म्हणणे त्यासाठी पुरेसे नाही, बाधा कशी येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग प्रकरणात २००७ साली म्हटले आहे. अ समरी मंजूर झालेल्या प्रकरणांत तर हे कारण आणखीच दुबळे ठरते. दुसरे कारण वैयक्तिक माहितीचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने या अपवादाची शब्दरचना बदलून तो बराच रुंद केला आहे. पूर्वीचे ‘व्यापक सार्वजनिक हित’ हे शब्द त्या खंडातून गेले आहेत. कलम ८(२) मधील सार्वजनिक हिताची तरतूद शिल्लक आहे, पण तिच्यावर विसंबून राहण्यापेक्षा नावे आणि पत्ते मुळातच मागू नयेत, आणि कलम १० प्रमाणे तेवढा भाग झाकून उरलेले द्यावे असे अर्जातच लिहावे. ज्याची आपल्याला गरज नाही ते मागून नकाराला कारण का द्यावे?

अर्ज संस्थेच्या किंवा व्यापारी संघटनेच्या शिक्क्यावर करू नये. कलम ३ प्रमाणे हा अधिकार नागरिकाचा आहे. अर्ज एका व्यक्तीच्या नावे, स्वतःच्या पत्त्यावर करावा. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत पुढे पाठवणे त्यांचे काम आहे, तरी जनमाहिती अधिकारी कोण आणि अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या फलकावर पाहूनच द्यावा, कारण पोलीस दलात ही रचना सर्व जिल्ह्यांत सारखी नसते. तीस दिवसांत उत्तर नाही आले, किंवा आलेले पटले नाही, तर त्यापुढील तीस दिवसांत जोडपत्र ‘ब’ मध्ये वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील करावे. नकार का योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अपिलात त्यांच्यावर असते, ही गोष्ट अर्जदार बहुधा विसरतात. दुसऱ्या अपिलाची मुदत नव्वद दिवसांची असून ते राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे जाते. तेथे प्रतीक्षा मोठी असते, म्हणून पहिला अर्ज जितका स्वच्छ तितके बरे.

---

रेवस_ते_रेडी

माझा स्वतःचा लहान उद्योग औद्योगिक वसाहतीत आहे आणि शेजारचे दोन गाळे कित्येक वर्षे बंद आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या काळजीचा आहे. बंद शेजाऱ्याच्या आवारातून वाट काढून चालू कारखान्यात शिरणे सोपे असते. म्हणून रिकाम्या जागेतील चोरी ही त्या एका मालकाची बाब आहे असे समजू नये.

चर्चेत एक बाजू राहिली आहे. पोलिसांकडून गुन्हे कळतील, पण एकूण बंद जागा किती हे कळल्याशिवाय त्या गुन्ह्यांचे प्रमाण कसे काढणार? दोनशे बंद गाळ्यांत दहा चोऱ्या आणि वीस बंद गाळ्यांत दहा चोऱ्या यांत फरक आहे. यासाठी दुसऱ्या कार्यालयांकडे जावे लागेल. महावितरण सार्वजनिक प्राधिकरण आहे आणि तिच्या उपविभागाकडे व्यावसायिक व औद्योगिक वर्गातील कायमस्वरूपी वीजपुरवठा खंडित केलेल्या ग्राहकांची संख्या तयार असते. वीज तोडलेली म्हणजे जागा बंद असे समीकरण पूर्ण बरोबर नसले, तरी मला याहून चांगला आकडा माहीत नाही. वसाहतीतील बंद उद्योगांची यादी एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयाकडे मागता येते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये इमारतीची आणि कराची आकारणी दिसते, पण ती बंद आहे का हे दिसत नाही, म्हणून तेथे शक्ती खर्च करू नये असे मला वाटते.

कर्ज थकल्यामुळे बँकेने ताब्यात घेऊन टाळे लावलेल्या जागाही यात येतात. त्यांचा ताबा घेण्यास साहाय्य करण्याचे आदेश सरफेसी कायद्याच्या (म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याच्या) कलम १४ खाली जिल्हाधिकारी देतात, तेव्हा अशा आदेशांची संख्या त्यांच्या कार्यालयातून मिळेल. राष्ट्रीयीकृत बँकेकडे थेट अर्ज केला तर तेथे केंद्राचे नियम लागतात : शुल्क दहा रुपयेच, पण पोस्टल ऑर्डरने, आणि शब्दमर्यादा पाचशे.

---

खाडीपलीकडे

सर्वांना एक विनंती आहे. मी मुंबईत राहते आणि गावी आमचे एक बंद दुकान आहे. कोणत्या रस्त्यावर कोणती जागा किती महिने रिकामी असते आणि तेथून काय गेले, हे एकत्र लिहून कोणी जाहीर केले, तर ती यादी आमच्या उपयोगाची कमी आणि चोराच्या उपयोगाची जास्त होईल. माहिती मागण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण ती येथे कशी मांडायची हे अर्ज करण्यापूर्वी ठरवावे. वर्तमानपत्राच्या वार्ताहरांनाही मूळ वही न देता केवळ बेरजा द्याव्यात.

---

सुरंगी (धागाकर्ती)

खाडीपलीकडे ताईंचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि यापुढील सर्व काम त्या अटीवरच करू या. घटनास्थळ म्हणून गाव किंवा रस्ता न मांडता फक्त बीट क्रमांक आणि जागेचा प्रकार मांडावा. एखाद्या बीटमध्ये दोन-तीनच नोंदी निघाल्या, तर ती बीटदेखील शेजारच्या बीटमध्ये मिळवावी, म्हणजे कोणाचे दुकान ते ओळखता येणार नाही.

कालावधी १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ असा घेतला आहे, म्हणजे जुन्या आणि नव्या कायद्याचे दीड-दीड वर्ष येईल. वरील सूचनांवरून केलेला मसुदा देत आहे. तो १५० शब्दांत बसतो.

> ‘विषय : … पोलीस ठाण्यातील चोरी व घरफोडीच्या अभिलेखांचे निरीक्षण.
>
> दि. १ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या कालावधीत भारतीय दंड संहिता कलमे ३७९, ३८०, ४५४, ४५७ आणि भारतीय न्याय संहिता कलमे ३०३(२), ३०५, ३३१(३), ३३१(४) यांखाली दाखल गुन्ह्यांच्या प्रथम खबर अहवालांतील पुढील मजकूर पाहण्यास मिळावा : लावलेली कलमे, गुन्हा घडल्याची “पासून” व “पर्यंत” तारीख, खबर मिळाल्याची तारीख, बीट क्रमांक, घटनास्थळाचा प्रकार, गेलेल्या मालाचे एकूण मूल्य. तसेच गुन्हे नोंदवहीतील तपासाच्या सद्यस्थितीची नोंद पाहण्यास मिळावी.
>
> फिर्यादी, आरोपी व साक्षीदार यांची नावे व पत्ते नको आहेत. ती अधिनियमाच्या कलम १० नुसार झाकावीत. माहिती नव्याने संकलित करून देण्याची विनंती नाही. अभिलेख पाहण्यासाठी सोयीची तारीख व वेळ कळवावी.’

वाहन चोऱ्याही ३७९ आणि ३०३(२) खाली येतात, त्यामुळे निरीक्षणाच्या वेळी त्या नोंदी बाजूला काढाव्या लागतील. तालुक्याच्या शहरांत त्यांची संख्या मोठी असू शकते. अर्जातच ‘वाहन चोरी वगळून’ असे लिहिले तर निवड करण्याचे काम पुन्हा अधिकाऱ्यावर पडते, म्हणून मी ते शब्द मुद्दाम टाळले आहेत.

---

कायदेपान

मसुदा चांगला झाला आहे. ‘घटनास्थळाचा प्रकार’ ऐवजी ‘घटनास्थळाचे वर्णन (नाव व पत्ता वगळून)’ असे करावे, कारण नमुन्यात प्रकार असा स्वतंत्र रकाना नाही. तक्रार अर्जांच्या नोंदवहीचा दुसरा अर्ज याच धर्तीवर, त्याच दिवशी पण स्वतंत्र स्टॅम्प लावून द्यावा. दोन्हींची पोच शिक्का आणि तारखेसह घ्यावी, अपिलाची मुदत त्यावरून मोजली जाते.

---

सुरंगी (धागाकर्ती)

दुरुस्ती केली आहे. चिपळूण तालुक्याची जबाबदारी वाशिष्ठीकाठ यांनी व्यक्तिगत निरोपातून घेतली आहे, रत्नागिरीचा अर्ज मी करत आहे, आणि महावितरण व एमआयडीसी यांच्याकडील संख्या रेवस_ते_रेडी मागवत आहेत. निरीक्षणाला जाताना सर्वांनी एकाच नमुन्यात टिपणे घ्यावीत यासाठी कोरा तक्ता जुनी_ठाणे_डायरी करून देणार आहेत. मालवण आणि वेंगुर्ला येथील हंगामी जागांची माहिती विशेष महत्त्वाची ठरेल, पण सिंधुदुर्गातून अद्याप कोणी पुढे आलेले नाही. तेथील सभासदांनी आपला तालुका येथे कळवावा.